शीतकाचे बूच : एका यांत्रिक दोषाच्या निदानाचा इतिहास

मोटारीच्या एंजिनाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा दट्ट्या, झडपा, इंधनपुरवठा व प्रज्वलन यांकडे जाते. सिलिंडरांच्या ओतीव ठोकळ्यावर बाहेरून दिसणाऱ्या, उथळ वाटीसारख्या वाटोळ्या चकत्यांची दखल क्वचितच कोणी घेतो. या चकत्या म्हणजे शीतक द्रवाच्या पोकळीला लावलेली बुचे होत. त्यांची किंमत नगण्य असते. तथापि त्यांपैकी एक जरी निखळले तरी शीतक वाहून जातो, आणि एंजिन जोरकस असेल तर काही मिनिटांतच हेड वाकते किंवा दट्ट्या सिलिंडरात अडकून बसतो. मग बूच बदलले जाते, गाडी पुन्हा रस्त्यावर येते, आणि काही महिन्यांनी त्याच जागी तोच प्रकार घडतो. हा दोष पुनःपुन्हा का उद्भवतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना कारागिरांनी दीर्घकाळ बुचालाच दोषी मानले. तसे मानण्याची सवय कशी जडली आणि ती कशी मोडत गेली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बुचाचा जन्म ओतशाळेतला आहे. सिलिंडरांभोवती पाणी खेळावे म्हणून ठोकळ्याच्या भिंतींमध्ये पोकळी ठेवावी लागते, आणि ती पोकळी वाळूच्या गाभ्यानेच निर्माण करता येते. वितळलेले बीड ओतताना हा गाभा साच्यात अधांतरी राहू शकत नाही. त्याला बाहेरच्या बाजूने टेकू द्यावे लागतात. हे टेकू जिथे भिंतीतून आरपार जातात, तिथे ओतकाम थंड झाल्यावर भोके उरतात. त्याच भोकांतून आतली वाळू झटकून बाहेर काढली जाते. म्हणजे ही भोके एंजिनाच्या कार्यासाठी नसून ओतकामाच्या सोयीसाठी आहेत, आणि ती बुजवणे हे बुचाचे मूळचे व एकमेव प्रयोजन होय. ओतशाळेत वाळू नीट निघाली नसेल तर ती पुढे वर्षानुवर्षे बुचांच्या मागे, पोकळीच्या तळाशी साचून राहते, हेही येथेच नमूद केले पाहिजे; कारण या गाळाशी पुढे पुन्हा गाठ पडावयाची आहे.

आरंभी ही भोके आटे पाडून, नळाच्या बुचासारखी बुचे पिळून बंद केली जात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील मिशिगन राज्यात वेल्च बंधूंची मोटार कंपनी होती. शिरोभागी कॅमदंड आणि अर्धगोलाकार ज्वलनकक्ष असलेली, त्या काळाच्या मानाने फार पुढारलेली एंजिने ती बनवीत असे. पुढे ती जनरल मोटर्सच्या ताब्यात गेली. तिच्याविषयी अशी आख्यायिका सांगितली जाते की, एका गाडीची चाचणी चालू असता आट्यांचे बूच सैल होऊन गळून पडले आणि दोघा भावांपैकी एकाने खिशातील नाणे त्या भोकात ठोकून वेळ मारून नेली. नाणे पाव डॉलरचे होते की अर्ध्या डॉलरचे, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही, आणि आख्यायिकेचे हे नेहमीचे लक्षण आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नाणे सपाट असते. वेल्च बुचाची सारी युक्ती तर ते सपाट नसण्यात आहे. ही चकती मध्ये किंचित फुगीर असते. भोकाच्या खाचेत ती फुगीर बाजू बाहेर ठेवून बसवावयाची आणि मध्यावर हातोडा मारावयाचा. फुगवटा दबला की चकतीचा घेर वाढतो आणि कड भोकाच्या भिंतीत रुतते. नाण्याची गोष्ट खरी धरली तरी ती एका अडचणीची हकीकत सांगते, शोधाची नव्हे. पुढे या चकतीच्या जोडीला पोलादी पत्र्याची वाटी आली. भोकाहून किंचित मोठी असलेली ही वाटी ठोकून बसवतात आणि ती केवळ आपल्या घट्टपणाने टिकून राहते. आज बहुसंख्य एंजिनांत हीच असते.

‘वेल्च’ या आडनावाचा उच्चार इंग्लंडमधील कारागिरांच्या तोंडी ‘वेल्श’ असा झाला आणि लेखनातही तो शिरला. जणू काही वेल्स प्रांताशी या बुचाचा संबंध असावा. हा अपभ्रंश निरुपद्रवी होता. दुसऱ्या नावाने मात्र खरे नुकसान केले. अमेरिकेत या बुचाला ‘गोठणबूच’ अशा अर्थाचे नाव पडले, आणि त्याबरोबर अशी समजूत रूढ झाली की, थंडीत पाणी गोठून फुगले म्हणजे ठोकळा फुटू नये यासाठी ही बुचे मुद्दाम ठेवलेली असून प्रसंगी निखळून पडणे हेच त्यांचे काम आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि अशा वेळी बूच कधी कधी बाहेर ढकलले जाते, हे खरे. परंतु बर्फ सर्वत्र एकाच वेळी होत नाही. अरुंद वाटांत तो आधी अडकतो आणि बुचे जागच्या जागी असताना ठोकळा फुटल्याची उदाहरणे थंड देशांतील गॅरेजांना नित्याची आहेत. बूच वाचवते ते योगायोगाने.

हे नाव का टिकले, हे समजून घेण्यासाठी त्या काळची शीतनव्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत, आरंभीच्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे व थंड होऊन खाली उतरे, एवढ्यावर सारे भागत असे. दाब जवळजवळ शून्य. अशा एंजिनात बुचावर खरा ताण यावयाचा तो हिवाळ्यातच. पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहॉल घालीत. पण मेथिल अल्कोहॉल सुमारे ६५ अंश सेंटिग्रेडलाच उकळत असल्याने ते हळूहळू उडून जाई आणि पहिल्या कडक थंडीत गाडीवाल्याला त्याचा प्रत्यय येई. बूच निखळले की थंडीला दोष द्यावा, हा अनुमानाचा मार्ग त्या दिवसांत बऱ्याच अंशी बरोबरही होता. परिस्थिती पालटली तरी अनुमान पालटले नाही, ही पुढची अडचण.

परिस्थिती पालटली ती एथिलीन ग्लायकॉलमुळे. वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा द्रव १८५६ मध्ये प्रथम तयार केला होता. मोटारीसाठी तो अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ या नावाने १९२७ मध्ये बाजारात आला. तो १९७ अंशांना उकळतो, म्हणून उडून जात नाही, आणि पाण्यात मिसळला असता गोठणबिंदू पुष्कळ खाली नेतो. थंडीचा प्रश्न यामुळे बहुतांशी मिटला. परंतु उष्णता व हवा यांच्या सान्निध्यात ग्लायकॉलचे मंद ऑक्सिडीकरण होऊन आम्ले तयार होतात. ती निष्प्रभ करण्यासाठी त्यात गंजरोधक द्रव्ये मिसळतात, आणि ही द्रव्ये काही वर्षांत खर्ची पडतात. द्रव रंगाने तसाच राहतो, गोठण्यापासून संरक्षणही देत राहतो. मात्र धातूचे रक्षण करण्याचे त्याचे सामर्थ्य संपलेले असते. अशा एंजिनात सर्वांत पातळ पोलाद कोणते, तर बुचाचे. त्यातही जे बूच गाळाखाली दडलेले, ते आधी सडते. ते आतून बाहेर असे कुरतडले जाते आणि बाहेरून रंग शाबूत असताना एके दिवशी टाचणीएवढे छिद्र पडते. कारागीर ते एक बूच बदलतो. उरलेली बुचे त्याच वयाची, त्याच द्रवात भिजलेली आणि त्याच गाळात रुतलेली असतात. ती आपापल्या क्रमाने पुढे येतात आणि ‘पुन्हा तोच दोष’ अशी तक्रार सुरू होते. वस्तुतः दोष पुन्हा झालेला नसतो. तो एकदाच झालेला असून हप्त्याहप्त्याने प्रकट होत असतो.

शीतनाच्या दोषाचे निदान करण्याची शिस्त मात्र मोटारीच्या गॅरेजात घडली नाही. ती विमानाच्या एंजिनावर घडली, कारण तेथे चुकीच्या निदानाची किंमत वैमानिकाच्या प्राणांनी द्यावी लागत होती. १९३० नंतरच्या दशकात रोल्स-रॉइस कंपनीने ‘गॉसहॉक’ एंजिनासाठी बाष्पशीतनाचा मार्ग पत्करला. दाबाखालील पाणी १०० अंशांपलीकडे तापू द्यावयाचे, मग दाब उतरवून त्याची वाफ करावयाची आणि ती वाफ विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडांत थंड करून पुन्हा पाणी मिळवावयाचे, अशी ही योजना होती. हे एंजिन बसवलेले सुपरमरीन कंपनीचे ‘टाइप २२४’ हे विमान १९ फेब्रुवारी १९३४ रोजी प्रथम उडाले. वर चढताना त्याचे एंजिन हटकून तापे. वरवर पाहता पंखांतील थंड करणारा पृष्ठभाग अपुरा असावा असे वाटण्याजोगे होते. खरे कारण निराळेच निघाले. थंड होऊन पंखांतून उतरलेले पाणी चाकांच्या आवरणांतील टाक्यांत साचे आणि तेथून पंपाने वर चढवले जाई. हे पाणी उकळण्याच्या बेतातच असे. विमान उंच जाताच हवेचा दाब घटे, पंपाच्या चोषणाने तो आणखी उतरे, आणि पंपाच्या तोंडाशीच पाण्याची वाफ होऊन पंप निकामी होई. पाणी होते, थंडही होत होते. ते परत येत नव्हते एवढेच. जिथे ताप दिसतो तिथे दोष असतोच असे नाही, हे या विमानाने महागात पडून शिकवले. दोन वर्षांनी, ५ मार्च १९३६ रोजी त्याच कंपनीचे ‘स्पिटफायर’ प्रथम उडाले तेव्हा त्यात ‘मर्लिन’ एंजिन होते आणि ते ग्लायकॉलने थंड केले जात होते.

मर्लिनची कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. १५ ऑक्टोबर १९३३ रोजी प्रथम चालवलेल्या या २७ लिटरच्या बारा सिलिंडरी एंजिनाच्या आरंभीच्या उत्पादित आवृत्त्यांत निव्वळ ग्लायकॉल वापरले जाई. उकळण्याचा बिंदू उंच असल्याने रेडिएटर लहान करता येतो, हा त्याचा लाभ. उलट पाण्याच्या मानाने ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची शक्ती सुमारे सहा-दशमांशच असते. त्यामुळे धातू अधिक तापतो, सांधे अधिक वाकतात, आणि पाणी अडते अशा फटींतूनही ग्लायकॉल झिरपतो. तापलेल्या एंजिनावर सांडलेला ग्लायकॉल पेटू शकतो, हे संकट निराळेच. गळतीच्या तक्रारींना दोन दिशांनी उत्तर शोधण्यात आले. पहिले उत्तर द्रवाचे होते. १९४० मध्ये ‘स्पिटफायर’च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी आलेल्या ‘मर्लिन १२’ या एंजिनात ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकॉल असे दाबाखालील मिश्रण आले. एंजिनाचे आयुष्य वाढले, आगीचा धोका टळला आणि तेलाची गळतीही घटली. शीतक बदलला असता तेल गळणे थांबावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु सगळे सांधे एकाच तापाने वाकत असतील तर त्यात नवल नाही.

दुसरे उत्तर रचनेचे होते. या मर्लिनमध्ये हेड आणि सिलिंडरांभोवतीचे जलवेष्टन हे एकाच ओतीव खंडाचे असून त्यात पोलादी नळकांडी खालून बसवलेली होती. नळकांड्याचा वरचा काठ जिथे ज्वलनकक्षाच्या छताला टेके, तो सांधा शीतकाला सिलिंडरात शिरू देई. सांधा घट्ट करण्याचे उपाय अनेक झाले. पण त्या एकाच टेकूवर ज्वलनाचा दाब, धातूचे प्रसरण आणि बोल्टांचा ताण असे तीनही भार येत होते, तोवर कोणताही उपाय कायमचा ठरणे शक्य नव्हते. हेड व ठोकळा अलग करणे हाच खरा उपाय होता. युद्धाच्या रेट्यात इंग्लंडमधील चालू उत्पादन थांबवणे परवडण्यासारखे नसल्याने ही दुभागलेली रचना अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४१ पासून बनवलेल्या मर्लिनमध्ये आधी आली आणि मायदेशी नंतर. निदान अचूक होऊनही उपचार लांबतो, याला तांत्रिक कारणच असले पाहिजे असे नाही.

युद्धानंतर जोरकस मोटारी या वैमानिकी वारशाच्या दिशेने सरकल्या. बिडाच्या जागी ॲल्युमिनियम, उंच दाबाची झाकणे, वेगाने फिरणारे पंप अशी ही वाटचाल होती. बूच मात्र पूर्वीचेच राहिले. येथे थोडे गणित केल्यावाचून चालणार नाही. दर अंशामागे ॲल्युमिनियम सुमारे २३, पितळ १९, पोलाद १२ आणि बीड ११ दशलक्षांशाने वाढते. ४० मिलिमीटर व्यासाचे भोक ८० अंशांनी तापले तर ॲल्युमिनियमचे भोक पोलादी बुचापेक्षा सुमारे ०.०३५ मिलिमीटरने अधिक मोठे होते. बिडात हा फरक त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच पडतो. बुचाची पकड मुळातच मिलिमीटरच्या काही शतांशांची वा फार तर एखाद-दोन दशांशांची असते. म्हणजे गार असताना घट्ट असलेले बूच तापल्यावर आपल्या पकडीचा लक्षणीय भाग गमावते, आणि थंड एंजिनावर केलेली दाबाची चाचणी निर्दोष ठरते. पितळी बूच घातले तर फरक ०.०१३ मिलिमीटरपर्यंत उतरतो. पण गंजरोधक क्षीण झालेल्या द्रवात पितळाच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजते. बूच टिकते आणि त्याची बैठक जाते! पुढच्या वेळी नवे बूच त्या खडबडीत काठावर बसतच नाही, आणि बुचाच्या दर्जाविषयी पुन्हा शंका घेतल्या जातात.

दाबाची गोष्टही अशीच फसवी आहे. झाकणावर छापलेला आकडा हा झाकणापाशी असलेला दाब होय. पंपामुळे वाढणारा दाब त्यात धरलेला नसतो, आणि तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, ३००० फेऱ्यांना पंप ०.३ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाब निर्माण करतो. तर ६००० फेऱ्यांना तो १.२ आणि ९००० फेऱ्यांना २.७ होईल. झाकणाचा १ किलोग्रॅम त्यात मिळवला तर पंपाच्या उत्सर्गाजवळील ४० मिलिमीटरच्या बुचावर सुमारे ४६ किलोग्रॅमचा रेटा येतो. स्वस्थ उभ्या गाडीत तोच रेटा साडेबारा किलोग्रॅमच्या आसपास असतो. शर्यतीच्या मैदानावर निखळणारे बूच गॅरेजात का निखळत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते. शर्यतीच्या गाड्यांबाबत आणखी एक विरोधाभास आहे. सांडलेला ग्लायकॉल धावपट्टी निसरडी करतो, म्हणून अनेक संयोजकांनी त्यावर बंदी घातली. चालकांनी साधे पाणी भरले. त्याबरोबर गंजरोधकही गेले. अपघात टाळण्याच्या नियमाने बूच सडण्याची सोय करून ठेवली, असा प्रकार झाला.

तेव्हा निखळलेले बूच फेकून न देता पुराव्याप्रमाणे वाचणे, हीच निदानाची पहिली पायरी ठरली. छिद्र पडलेले बूच द्रवाचा इतिहास सांगते. अखंड, स्वच्छ आणि काठावर घासल्याच्या चकचकीत खुणा असलेले बूच सांगते की ते हलत होते. अर्थात पकड अपुरी किंवा रेटा अधिक. त्याच एका भोकातून वारंवार गळती होत असेल तर भोकाचा घेर मोजला पाहिजे, कारण ते लंबवर्तुळी झालेले असू शकते किंवा त्याच्या काठाला केसासारखी चीर असू शकते. निरनिराळी बुचे पाळीपाळीने निखळत असतील, आणि जोडीला नळ्या व रेडिएटरही फुटत असतील, तर संशय ज्वलनवायूवर जातो. गॅस्केटमधून हा वायू शीतकात शिरला तर दाब तापमानाची वाट पाहत नाही. थंड एंजिन सुरू करताच एखाद्या मिनिटात तो चढू लागतो. ब्रोमोथायमॉल ब्ल्यूच्या निळ्या द्रवातून शीतकावरची हवा खेचली असता कार्बन डाय-ऑक्साइडने तो पिवळा पडतो, आणि संशयाचे निश्चितीत रूपांतर होते. ज्या कारागिरांनी ही चाचणी न करता बुचावर लोखंडी पट्टी आडवी मारून ती स्क्रूने जखडली, त्यांनी बूच जिंकले आणि गॅस्केट हरले. जखडणे मुळात गैर नाही. शर्यतीच्या एंजिनात ती शहाणी खबरदारी आहे. निदानाच्या ऐवजी ती केली जाते तेव्हा मात्र दोष पुढच्या दुबळ्या जागी सरकतो.

या परंपरेतील अलीकडचे उदाहरण पोर्शे कंपनीच्या, अभियंता हान्स मेत्झगर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एंजिनाचे आहे. १९९८ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या ‘९११ जीटी१’ गाडीच्या वंशातील हे एंजिन १९९९ पासून ‘जीटी३’मध्ये, पाठोपाठ ‘टर्बो’ आणि ‘जीटी२’मध्ये आले, आणि ‘जीटी३’च्या मालिकेत ते २०११ पर्यंत राहिले. त्याच्या बळकटपणाची कीर्ती सार्थ होती. तथापि शीतकाच्या काही नळ्यांची तोंडे ओतीव ॲल्युमिनियमच्या भागांत ठोकून किंवा आट्यांनी न बसवता आसंजकाने चिकटवलेली होती. वर्षे उलटली, ताप-थंडीची आवर्तने झाली, आणि ओलाव्याने धातू व आसंजक यांच्यामधील बंध क्षीण झाला. मग तोंड सरळ बाहेर येई आणि सारा शीतक मागच्या चाकांपुढे सांडे. भर वेगात हे घडले तर गाडी आवरणे कठीण. प्रथम प्रत्येक घटना सुटी मानून तेवढीच नळी पुन्हा चिकटवली गेली. पुढे अनेक गाड्यांच्या हकीकती एकत्र पाहता ध्यानात आले की, सर्व सांधे एकाच दिवशी, एकाच आसंजकाने जोडले गेले होते आणि त्यांचे आयुष्यही साधारण एकच होते. गंजक्या बुचांच्या बाबतीत अर्धशतकापूर्वी जे कळावयास हवे होते, तेच येथे नव्या सामग्रीच्या रूपाने पुन्हा शिकावे लागले.

उपाय तीन प्रकारचे झाले. कोणी जुना थर खरवडून नव्याने चिकटवले. ते स्वस्त, पण मुदतीचे. कोणी तोंडाच्या भिंतीतून आडवी पिन घातली. त्याने तोंड निखळत नाही, मात्र बंध सुटला तर झिरपणे चालू राहते. कोणी एंजिन उतरवून सर्व तोंडे ॲल्युमिनियमच्या भागांना वितळजोड देऊन एकजीव केली. या शेवटच्या मार्गात खर्च फार आणि वेळही फार लागतो. म्हणून क्लच किंवा दुसऱ्या एखाद्या कामासाठी एंजिन बाहेर येणारच असेल, तेव्हाच तो पत्करण्याची रीत पडली आहे.